विद्यापीठ सोड

दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी मुलीने विद्यापीठातली जागा सोडली. चार वाजून एकोणीस मिनिटांनी वडिलांनी तिला उत्तर पाठवलं: ‘शाब्बास!’

त्या वेळी वडील दैनिकाच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, उद्याच्या अंकाचं अकरावं पान लावत होते. तेवीस वर्षं ते हेच काम करत आले होते. बातम्या, फोटो, जाहिराती यांना पडद्यावर जागा करून द्यायची आणि मुद्रितशोधक ताईंनी शेवटची चूक काढली की पान छपाईला पाठवायचं. या पाठवण्याला कार्यालयात एकच शब्द होता, सोडणं. ‘आठ नंबर सोडलं का?’ ‘पहिलं सोडा हो, यंत्र खोळंबलंय.’ सोडलं म्हणजे पक्कं झालं, आता मागे घेणं नाही.

मुलीला घरात सगळे सुई म्हणत. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. तिला तीन आठवड्यांपूर्वी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक विद्यापीठ, नऊ तासांच्या प्रवासावर. चार वर्षं भौतिकशास्त्र, राहणं तिथंच. दुसरं तंत्र महाविद्यालय, घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे दोन वर्षांत रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायला शिकायचं आणि लगेच कामाला लागायचं. आई तंत्र महाविद्यालयाच्या बाजूने होती आणि हे ती उठता-बसता ऐकवत होती. तिचं अर्धं आयुष्य औषधाच्या दुकानात उभं राहून गेलेलं. हातात कसब असलेल्या माणसाचं कुठे अडत नाही, हे तिचं ठाम मत. वडील मात्र हूं की चूं करत नव्हते. “तुझं तू ठरव,” एवढंच. मनातून त्यांना विद्यापीठ हवं होतं, पण पोरीवर आपल्या इच्छेचं ओझं नको म्हणून ते गप्प होते.

ठरवायची मुदत आज पाचपर्यंत होती. चार वाजून बारा मिनिटांनी सुईचा संदेश आला: ‘बाबा, शेवटचं विचारते. एकदा तरी बोला. तुम्ही म्हणाल ते करते.’

नेमकी त्याच वेळी अकराव्या पानावरची जाहिरात रद्द झाली होती आणि खाली वीतभर भगदाड पडलं होतं. ताई पलीकडून ओरडत होत्या, “दादा, अकरा आज सोडायचंय की मी निवृत्त झाल्यावर?” वडिलांनी एका हाताने फोटो ताणला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं: ‘विद्यापीठ सोड.’

थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘सोडली.’

“ताई, सोडली पोरीने!” वडील खुर्चीतून अर्धे उठले.

“काय सोडली?”

“जागा हो! विद्यापीठातली. पक्की केली.”

“मग चहा सांगा सगळ्यांना,” ताई म्हणाल्या. “पण आधी अकरा सोडा.”

वडिलांनी ‘शाब्बास!’ पाठवलं आणि अकरा सोडलं.

चार एकतीसला आईचा फोन आला. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “तुम्हाला एवढा आनंद झाला?”

“होणार नाही तर काय? मी तीन आठवडे वाट बघत होतो.”

“तीन आठवडे? मग आधीच बोलायचंत ना. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलीये. मी विरोधात होते, पण तोंडावर होते. तुम्ही असं गुपचूप... आणि वर शाब्बास?”

“अगं, तिला विद्यापीठात जायचंय ना?”

“जायचं होतं! पण तुम्हीच लिहिलंत ना, सोड म्हणून?”

वडिलांना आधी शब्द ऐकू आले आणि मग अर्थ कळला. त्यांनी फोन कानापासून दूर केला, स्वतःचाच संदेश उघडला आणि दोनदा वाचला. दोन शब्द आणि पूर्णविराम. शुद्धलेखनाची चूक नव्हती. ताईंनीही असंच पुढे जाऊ दिलं असतं.

प्रवेशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेच्या नावापुढे दोन बटणं होती: ‘जागा स्वीकारा’ आणि ‘जागा सोडा’. सुईने वडिलांचा शब्द वाचला होता, तोच शब्द बटणावर पाहिला होता आणि दाबला होता.

“तिला फोन दे,” वडील म्हणाले. पलीकडे सुईने फोन घेतला. “सुई, मी सोड म्हणजे... आम्ही पान सोडतो ना, तसं म्हणत होतो गं. म्हणजे करून टाक. म्हणजे जा.”

“मी काय पान आहे?”

“नाही गं...”

“मला वाटलं, तुम्हाला मी लांब जायला नकोय. तोंडावर सांगायला जड जातंय म्हणून दोनच शब्द लिहिलेत. सोडल्यावर मी कारण विचारणार होते. तेवढ्यात शाब्बास आलं.”

वडिलांचा चेहरा पाहून ताई उठून जवळ आल्या. काय झालंय ते त्यांनी फोनवरचा संदेश वाचून ओळखलं आणि प्रवेश कक्षाचा नंबर शोधून त्यांच्या हाती दिला.

प्रवेश कक्षातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “जागा सोडताना ‘नक्की का?’ असं विचारतो आम्ही. मुलीने हो म्हटलंय.”

“तिची चूक नाही. माझ्या एका शब्दामुळे झालं.”

“असेल. पण जागा प्रतीक्षायादीत गेली. यादीत एकच नाव उरलंय. त्या मुलाला उद्या दुपारी बारापर्यंत वेळ आहे. तो नाही म्हणाला, तर तुमच्या मुलीचा अर्ज विचारात घेऊ. अर्ज आत्ता पाठवा. मात्र तिने आज दुसरीकडे जागा स्वीकारली, तर अर्ज आपोआप रद्द होईल.”

“आणि दुसरीकडची मुदत?”

“तीच. पाचपर्यंत.”

चार बावन्न झाले होते. वडिलांनी घरी फोन करून सगळं सांगितलं. हातातली जागा घ्यायची, नाहीतर कुणा अनोळखी मुलाच्या नकारावर भिस्त ठेवायची. आई लगेच म्हणाली, “हातातली घे. हे मी कालही म्हणत होते.” मग स्वतःच थांबली. “नाही. मी आता काही म्हणत नाही. विचार तुझ्या बाबांना, आणि पूर्ण वाक्यात विचार.”

“बाबा?”

“तुझं तू...” वडिलांनी जीभ चावली.

“परत तेच! आठ मिनिटं राहिलीत.”

आजूबाजूची टंकनाची खटखट थांबली होती. कुणीतरी बारावं पान मागत होतं, ताईंनी त्याला हातानेच गप्प केलं.

“मला तू विद्यापीठात जायला हवी आहेस,” वडील म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. ती जागा गेली असेल तर दोष माझा. तंत्र महाविद्यालय घेतलंस, तरी मी तुझ्यावर नाराज होणार नाही.”

“एवढं लांबलचक बोलता येतं तुम्हाला?” सुई म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

चार सत्तावन्नला तिचा अर्ज प्रवेश कक्षात पोहोचला. पाच वाजता तंत्र महाविद्यालयापुढची दोन्ही बटणं बंद झाली. तिने त्यातलं एकही दाबलं नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी वडिलांनी पुन्हा प्रवेश कक्षात फोन केला. बाई घरी निघाल्या होत्या, तरी त्यांनी पाहून सांगितलं. प्रतीक्षायादीतल्या मुलाने जागा देऊ करणारं पत्र सहा वाजून चार मिनिटांनी उघडलं आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.