मरव्याचा वाफा

"तेवढा मरवा सोनलच्या हातात दे आन् तू आत बस," परसात येऊन चिमणाबाई म्हणाल्या. "हळदीला म्होरं येऊ नगंस."

रत्नाबाईचा विळा चालूच राहिला. मरव्याच्या कोवळ्या काड्यांनी डावी मूठ भरली होती, दवानं पदर भिजला होता. आज तिच्या एकुलत्या लेकीची, सोनलची हळद. नवरा भूपाल जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि थोरल्या जावेनं रीत सांगायला नेमकी हीच सकाळ धरली होती.

"अक्का, आई हाय मी तिची."

"व्हय की. पर सवाष्ण न्हाईस. पोरीच्या संसाराला उगं कशाला..."

रत्नाबाई ताडकन उभी राहिली. "ह्यांच्या माघारी रोज ह्यो मरवा कापून बाजारात धाडला. कुरुंदवाडातल्या सवाष्णींनी गजऱ्यात माळला. तुमीबी माळलाय, अक्का. तवा माझा हात चालला, मग आजच कसा बाटला?"

"कर तुझ्या मनाचं. मी न्हाई बसणार तितं," म्हणत चिमणाबाई तरातरा निघून गेल्या.

सोनलच्या वेळी ह्याच जावेनं तिचं बाळंतपण केलं होतं. रत्नाबाईला क्षणभर विळा खाली ठेवावासा वाटला. पण ती पुन्हा वाकली, उरलेला वाफा कापला, अबोलीत मरवा गुंफून वेण्या केल्या आणि पहिली वेणी स्वतःच्या अंबाड्यावर माळली.

ती मांडवात आली तशी बायकांच्या नजरा तिच्या अंबाड्यावर गेल्या. दोघी-तिघी उठून चिमणाबाईंच्या घराकडं चालू लागल्या. उरलेल्या खाली बघत राहिल्या.

"आई, ऱ्हाऊ दे की," पाटावर बसलेली सोनल रडवेली झाली. "सगळी बघायलीत."

"बघू देत. लपून लावाय चोरीची हळद हाय व्हय? पाय म्होरं घे."

सोनलनं पाय पुढे केले.

वाटीकडं कुणाचाच हात येईना. रत्नाबाईनं ती स्वतःकडं ओढली. पाच जणींनी लावायची हळद तिनं एकटीनं लावली. पायांना, गुडघ्यांना, हातांना, गालांना. जराही घाई केली नाही.

मग ती हात धुवायला नळावर गेली. तोटीला हात घालता घालता पिवळ्याजर्द तळव्यांकडं बघत थांबली. आणि नळ न सोडताच, तशाच हातांनी, मांडवात परतली.