उरेब

"आणि या वेळी मला आणायला येऊ नकोस," गुडघाभर पाण्यात उभी राहून टाचणीनं नाववाल्याला बजावलं.

"ताई, तीन रविवार तुम्ही हेच म्हणताय," तो हसत म्हणाला. "जाता झोकात, अन् येता माझ्या नावेला बांधून."

खोटं नव्हतं ते. तळ्यावरचा वारा धक्क्याकडून पलीकडच्या काठाकडे वाहायचा. फळीवर उभं राहून शीड नुसतं धरलं, तरी जाताना फळी सुसाट निघायची. परतताना तोच वारा तोंडावर यायचा आणि टाचणीचं घोडं तिथंच अडायचं. तिच्या दोघी मैत्रिणींना, सिस्टरला आणि मास्तरणीला, परत येणं कधीच जमलं होतं. तिघी शाळेत एका बाकावरच्या; ही नावं पुढे ज्याच्या त्याच्या कामावरून पडलेली. साठीला टेकल्यावर तिघींनी मिळून ही जुनी फळी आणि कापडी शीड घेतलं, तेव्हा घरचे पोट धरधरून हसले होते.

टाचणी पडदे शिवायची. पस्तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून जाडजूड कापड ओढता ओढता तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. मंगळवारी ऑपरेशन. त्यानंतर ओढायची कामं कायमची बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे स्वतःच्या बळावर परत यायचं, तर ते आजच.

मास्तरणीनं ओल्या वाळूत काडीनं आकृती काढली. "हे बघ, वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करायचा..."

"बाई गं, भूमितीत मी काठावर पास झालेय."

"तेही माझ्या पेपरात बघून," सिस्टर म्हणाली. "खांदा दुखला तर हात वर कर. आम्ही बघतोय."

"वर होत असता, तर ऑपरेशन कशाला ठरवलं असतं?"

दुपारचा वारा जोरात होता. बघता बघता टाचणी पलीकडे पोचली. तिनं फळीचं नाक धक्क्याकडे वळवलं, तसं शीड फडफडलं, फळी जागच्या जागी थबकली आणि बाई पाण्यात. वर चढायचं, दोरीनं शीड ओढून उभं करायचं, पुन्हा धक्क्याकडे नाक, पुन्हा पाण्यात. पाचव्या खेपेला खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

नावेच्या मोटारीचा आवाज जवळ आला. "टाकू का दोर, ताई?"

"थांब जरा."

फळीवर पाय सोडून ती दम खात बसली. शीड शेजारी पाण्यावर पसरलं होतं. सवयीनं तिनं त्याची कडा चिमटीत धरून ताणली. सरळ ओढलं तर कापड ताठ. कोपऱ्याकडून तिरकं ओढलं, तेव्हा मात्र हातभर नाही, पण बोटभर तरी सैल झालं. हाताखालच्या पोरींना तिनं हजारदा सांगितलं असेल: गोलाईला पट्टी लावायची ना, मग उरेब कापा, तिरकं. सरळ धाग्याशी भांडून कापड ऐकत नाही गं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "उरेब जायचंय होय."

या वेळी तिनं धक्क्याकडे पाहिलंच नाही. डावीकडे लव्हाळी होती, तिकडे तिरका रोख धरला. शीड भरलं. फळी सरकली.

"ताई, धक्का इकडे," नाववाला ओरडला.

"ठाऊक आहे मला."

लव्हाळ्याजवळ शीड मागे कलतं करून, डोलकाठीपुढून पावलं टाकत ती दुसऱ्या बाजूला गेली. तोल गेला, सावरला. आता उजवीकडे, तिरकं. मग पुन्हा डावीकडे. दर वळणाला धक्का थोडा जवळ येत होता. नाववाला मोटार हळू करून मागून येत राहिला, पण दोर त्यानं गुंडाळून पायाखाली ठेवला.

सातव्या वळणानंतर ती काठाला लागली, धक्क्यापासून बरीच खाली, जिथं कुणी उतरत नाही. दोघी मैत्रिणी चिखल तुडवत धावत आल्या.

"बरोबर पंचेचाळीस अंश," मास्तरीण धापा टाकत म्हणाली. "सांगितलं होतं ना मी?"

"तू कोन सांगितलास," टाचणी म्हणाली. "उरेब म्हणाली असतीस, तर तीन रविवार वाचले असते माझे."

नाववाल्यानं शीड खांद्यावर घेतलं. कधी नव्हे ते त्यानं थट्टा केली नाही. "पुढच्या रविवारी..." एवढं बोलून तो थांबला आणि पुढं चालू लागला.

टाचणीनं लाइफ जॅकेटचा पट्टा काढायला हात उचलला. तो कमरेच्या वर येईना.

"सरळ उभी राहा," सिस्टर म्हणाली.

आयुष्यभर टाचणीनं लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली होती. आता पोरीनं पहिल्या कपड्याचं माप द्यायला उभं राहावं तशी ती दोन्ही हात जरासे बाजूला धरून, मान ताठ करून उभी राहिली, आणि सिस्टर एकेक पट्टा सोडवत गेली.