मास्तरांच्या घरची तपासणी

"अगं, बूट काय काढतेस? फरशी नुसती गार पडलीय," काकू पांघरुणातूनच म्हणाल्या, आणि तेवढ्या बोलण्यानेही त्यांना धाप लागली.

वीज खात्याची तपासनीस बूट न काढताच आत आली. याच घरात मास्तरांच्या हाताखाली ती वायरिंग शिकली, आणि आज त्यांचंच काम तपासायला आली होती. काय वेळ यावी माणसावर! बदली तपासनीस पाठवा म्हणून तिने साहेबांना सांगूनही पाहिलं होतं, पण माणूसच नव्हता.

मास्तर मात्र खुशीत होते. "या परीक्षकबाई! नापास केलंत तर चहा मिळणार नाही हं."

घर गरम ठेवणारा बॉयलर गॅसवर चालायचा, पण गरम पाणी खोल्यांतून फिरवणारा पंप विजेवर. लाईट गेली की पंप थांबायचा, घर गार पडायचं आणि काकूंची छाती भरून यायची. गेल्या हिवाळ्यात तर त्या मरता मरता वाचल्या. म्हणून मास्तरांनी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून स्वतः जोडणी केली होती. तपासणीत पास झाल्याशिवाय ती वापरता येणार नव्हती.

वायरी अशा सरळ, की बघत राहावं. तिला भरून आलं. मग ती बोर्डापाशी वाकली.

"मास्तर, चेंजओव्हर दिसत नाही."

चेंजओव्हर म्हणजे एका वेळी एकच वीज घरात घेणारा खटका. लाईनची तरी, नाहीतर बॅटरीची.

"हवाय कशाला? आधी मेन बंद करायचा, मग बॅटरी चालू. अख्खा जन्म गेला माझा यात!"

"बरं. मी बाहेर मीटरपाशी लाईन तोडते. लाईट गेलीय असं समजा आणि करून दाखवा."

ती परत आली तेव्हा पंप छान घुमत होता. मास्तर हाताची घडी घालून ऐटीत उभे होते. मेन चालूच होता.

मीटरकडून घरात येणाऱ्या, तोडल्यामुळे आता बंद असायला हव्या अशा वायरीला तिने टेस्टर लावला. तो पेटला. बॅटरीची वीज घरातून उलटी बाहेर निघाली होती. खरोखरच लाईट गेली असती आणि खांबावर कुणी लाईनमन दुरुस्तीला चढला असता, तर तो हकनाक मेला असता.

"मास्तर, मेन."

मास्तरांनी वर पाहिलं. "बंद केला होता मी." मग एकदम बारीक आवाजात, "केला होता ना गं?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.

"परवा गॅसही तसाच..." काकूंनी सुरुवात केली.

"तू गप्प बस!" मास्तर खेकसले, आणि मग स्वतःच ओशाळून स्टुलावर बसले. तिथूनच म्हणाले, "पास कर गं. आज थंडी बघ. यापुढे लक्ष ठेवीन मी."

"नाही होणार माझ्याकडून, मास्तर." तिने टेस्टर खिशात ठेवला. "मी वायरिंगच्या मिस्त्रीला बोलावते. तो चेंजओव्हर बसवेल आणि मी आजच पुन्हा तपासते. मी तपासनीस, मला जोडणीला हात लावता येत नाही."

"माझ्या घरात दुसऱ्याचा हात?"

तेवढ्यात काकूंना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. मास्तर उठले, त्यांची पाठ चोळत राहिले. पाठमोरेच म्हणाले, "बोलाव."

दुपारी मिस्त्री आला. मोठा बोलघेवडा गडी. मास्तर कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बोर्डाचं झाकण काढता काढता त्याने सहज विचारलं, "काका, लाईन बंद केलीय ना?"

मास्तरांच्या तोंडून 'हो' निघतच होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "टेस्टर लावून बघ."

आणि त्याच्या हातावर उजेड पडावा म्हणून ते खिडकीपासून बाजूला सरकले.