झऱ्याकाठचे आडनाव

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि आता माणसेही उरलेली नाहीत. मी जपानमधले एक जुने आडनाव आहे. मला इझुमीबाता म्हणतात, म्हणजे झऱ्याकाठचे.

माझा जन्म डोंगरातल्या एका वाडीत झाला. सरकारी हुकूम आला की शेतकऱ्यांनीही आता आडनाव लावलेच पाहिजे. माणसे डोके खाजवत बसली. शेवटी एक म्हातारा वैतागून म्हणाला, "पाणी एकाच झऱ्याचं पितो ना सगळे? मग घोळ कशाला घालताय?" झाले, साऱ्या वाडीने मलाच घेतले.

मी हरखून गेले. पण घरोघरी मीच, मग मला हाक कोण मारणार? माणसे एकमेकांना 'वरच्या घरचे', 'पाणचक्कीवाले' असेच म्हणत. माझा पुकारा झाला तो पोरे शहरात गिरण्यांत गेली तेव्हा, हजेरीला. मला फार बरे वाटे. गेलेली पोरे परत येत नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आले. काही लढाईत संपली, काहींना मुलीच झाल्या आणि त्या लग्न होऊन दुसऱ्या आडनावात गेल्या. शेवटी पाणचक्कीवाला कान्सुके आणि त्याची एकुलती लेक चिझुरु एवढीच माझी राहिली.

आमच्याकडे नवराबायकोला एकच आडनाव लावावे लागते. चिझुरुने पसंत केलेला तेत्सुरो निशिगाकी धाकटा मुलगा होता, त्याच्या घरचे नाव चालवायला थोरला भाऊ होताच. तो आपणहून मला घ्यायला तयार झाला. कान्सुकेला आभाळ ठेंगणे झाले. शेजारची म्हातारी चिडवायची, "घरजावई काय मिळाला, पाणचक्कीवाल्याचे पाय जमिनीला लागेनात."

त्याच आनंदात त्याच्या हातून भलतेच घडले. घराण्याच्या समाधीची शिळा त्याने नवी करायला घेतली होती. आमच्याकडे शिळेवर जिवंत माणसाचेही नाव कोरता येते, फक्त अक्षरांत लाल रंग भरतात. माणूस गेला की तो रंग काढतात. कान्सुकेने स्वतःच्या नावाशेजारी होणाऱ्या जावयाचेही नाव लाल रंगात कोरून घेतले. लग्नाच्या आधी, कुणालाही न विचारता.

वसंतात पूर्वजांच्या दर्शनाला व्याही मंडळी आली. तेत्सुरोची आई शिळेवर पाणी घालायला वाकली आणि पळी तशीच हातात राहिली.

"माझा मुलगा तुम्हाला जावई म्हणून हवा होता, की थडगं भरायला?"

"अहो, लाल रंग आहे तो. शंभर वर्षं जगो पोरगा."

"जगेलच. पण आमच्या नावानं जगेल."

आईपुढे तेत्सुरोचे काही चालले नाही. कान्सुके लेकीवर चिडला. "तू समजाव त्याला. नाहीतर लग्न मोड. आपलं नाव बुडतंय, कळतंय का तुला?"

"बाबा, नावाची एवढी काळजी केलीत," चिझुरु म्हणाली, "माझी कधी केलीत?"

ती निशिगाकी झाली. जावयाचे नाव गिलावा भरून बुजवले गेले आणि बापलेकीचे बोलणे कित्येक वर्षे बंद राहिले. या सगळ्याला कारण मीच होते, याचे मला फार वाईट वाटे.

कान्सुके आजारी पडला तेव्हा चिझुरु आली. दवाखान्यात परिचारिकेने मला आदराचे 'सान' जोडून पुकारले, "इझुमीबातासान." म्हाताऱ्याला ऐकू आले नाही. चिझुरुच सवयीने उठली आणि मग भानावर येऊन थांबली.

"बाबा, तुम्हाला बोलावतायत."

"मला वाटलं, तुलाच," कान्सुके म्हणाला. लेकीने त्याचा हात धरून त्याला उठवले.

त्यानंतर कुणी मला पुकारले नाही. कान्सुकेच्या अक्षरांतला लाल रंग निघाला.

मित्रांनो, आडनाव जपण्यासाठी माणूस दुखवू नका. माणसे जपली तरच आमच्यासारख्यांना अर्थ असतो. चिझुरु अजून येते, शिळा घासते, पाणी घालते. तिथे कोरलेले नाव माझे आहे, पण ती हाक मारते ती "बाबा" अशी. मला ती हाक पुरते.