प्लगवरचा लाल ठिपका

मी हनीफ. चिंचवड स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करतो. तापट म्हणून बदनाम आहे, आणि ती बदनामी खोटी नाही.

सत्तावन्न साली दौलतरावांचा रेडिओ माझ्याकडे आला. जुन्या बनावटीचा, आतला पत्रा थेट वायरीला जोडलेला. दोन पिनांचा प्लग सरळ लावला तर पत्रा गप्प, उलटा लावला तर पत्र्यात अख्खा करंट. रेडिओ दोन्हीकडून सारखाच वाजतो, हीच तर गोची. त्यात चालू करायचं बटण फुटलेलं, आतली पत्र्यात बसवलेली लोखंडी दांडी उघडी. नवं बटण पुण्याहून यायचं होतं. तोवर म्हणून मी प्लगच्या एका अंगाला लाल रंगाचा ठिपका दिला आणि दौलतरावांना तीनदा बजावलं, ठिपका कायम वर.

दसऱ्याला त्यांनी जेवायला बोलावलं. पिंपरीच्या कारखान्याच्या चाळीत त्यांची खोली. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मोरीतून ओल्या हातापायांनी आल्या आणि पाहुणा आला म्हणून रेडिओ लावायला निघाल्या. माझी नजर सहज प्लगवर गेली. ठिपका वर होता. खालीही होता.

मागचापुढचा विचार न करता मी वहिनींच्या हातावर फटका मारला. अहो, सणाच्या दिवशी, दुसऱ्याच्या बायकोवर हात! दौलतरावांनी माझी गचांडी धरली. तशातच मी खिशातला टेस्टर काढून दांडीला लावला. टेस्टरचा दिवा लागला.

दौलतरावांनी माझी गचांडी सोडली.

मग मी तोंड सोडलं. कुणी केला हा गाढवपणा, म्हणून ओरडलो. वहिनी हात चोळत म्हणाल्या, “मीच केला. काल खंडेनवमीला प्लग काढून सगळं पुसलं, पूजा केली. प्लगला एकाच बाजूला कुंकू दिसलं. दुसरी बाजू कोरी बरी वाटेना, म्हणून तिकडंही बोट लावलं. मग प्लग परत खोचला. त्यानंतर रेडिओ लावत होते तो आत्ताच.”

“ठिपका कशासाठी आहे, ठाऊक नव्हतं?”

“मला कुणी सांगितलं, भावजी?”

माझा राग तिथंच थिजला. रेडिओ न्यायला दौलतराव आले, ठिपका दाखवला दौलतरावांना. ते दिवसभर कारखान्यात. त्या दांडीवर रोज हात पडतो तो वहिनींचा, आणि त्यांना मी एका शब्दानंही बोललो नव्हतो.

प्लग काढून मी त्यांच्या हातात दिला. खरा ठिपका कोणता आणि तो कायम वर का, हे या वेळी वहिनींनाच सांगितलं.