भिंतींआधी उभी राहिलेली चौकट

बोनकोडे गावाला लागून एक नवं नगर वसलं होतं. नगरातल्या रस्त्यांना नावं नव्हती, नंबर होते. तिथं एका बैठ्या घरात कोंडिबा हमाल राहायचा. त्याची बायको वेणूबाई, म्हातारी आई बयाबाई आणि एकुलता एक लेक शिवतेज. या चौघांच्या परसात पाचवी मी. मी चौकट बोलतेय. ऐका माझी कथा, पण खाली बसून ऐका. उभ्यानं ऐकलीत तर पाय दुखतील. मला विचारा.

मी मूळची जावळीकडची. कोंडिबाच्या बांधावरचं फणसाचं झाड वादळात आडवं झालं आणि ज्योतिबा सुतारानं चार दिवसांत त्याची चौकट केली, उंबऱ्यासकट. मग बटाट्याच्या पोत्यांवर आडवी पडून मी तुर्भ्याच्या बाजारात आले. कोंडिबानं मला टेम्पोत चढवलं, टेम्पोतून उतरवलं, पण दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. जन्मभर परक्याचा माल वाहिलेला माणूस. त्या दिवशी घरचा वाहत होता.

कारण तसंच होतं. शिवतेजचं लग्न ठरलं होतं. मुलगी कळंबोलीची, ट्रक चालवणाऱ्या हौसेरावांची नंदिनी. पण कोंडिबाचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. हौसेराव सगळं बघून म्हणाले, मुलगा पसंत आहे, माणसं पसंत आहेत, पण माझी पोर सासू आणि आजेसासूच्या मधे अंथरूण टाकणार नाही. मागच्या परसात एक खोली उठवा, दुसऱ्या दिवशी हळद लावतो.

परसात जागा होती. नकाशा काढणाऱ्यानं सांगितलं, सरकारी ऑफिसाची परवानगी लागते, महिनाभरात मिळेल, टेन्शन घेऊ नका. मग बयाबाईनं तिथीचा हिशेब घातला. अक्षय तृतीया आठ दिवसांवर होती. शिवतेज म्हणाला, आजी, आधी कागद येऊ दे.

बयाबाई म्हणाली, "मुहूर्त कुनासाठी थांबत न्हाई, बाळा. कागद काय, मागनं येतोय."

झालं. विटांचे दोन थर रचून मला उभी केली, दोन्ही अंगांना बांबूचे टेकू दिले. वेणूबाईनं हळदकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, माथ्यावर नारळ-सुपारीची पिवळी पुरचुंडी बांधली. साल त्र्याण्णव. मला वाटलं, पावसाळ्याआधी डोक्यावर पत्रा येईल.

नकाशाच यायला तीन महिने लागले. अर्ज आत गेला तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी ऊन खातेय, पाणी खातेय. बाई गं, फणसाला फळ धरायला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, पण कागदाला एवढा लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्या वेळात माणसांची एक गंमत पाहिली. माझ्या उजवीकडे मोकळं, डावीकडे मोकळं. पण परसात येणारा प्रत्येक जण माझ्यातूनच यायचा आणि उंबऱ्याला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. बाजूनं जायच्या त्या फक्त कोंबड्या. शेजारी म्हणायचे, कोंडिबा, बाहेर चाललायस तर मागचं दार लावून घे, चोर शिरतील. कोंडिबा हसायचा. पहिलं वर्षभर खरंच हसायचा.

मग एकदा ऑफिसातून पाहणीला साहेब आले. त्यांनीही माझ्याबाहेर बूट काढले, मोज्यांनी उंबरा ओलांडला आणि आत उभं राहून वर आभाळाकडे पाहिलं.

"काम आधीच सुरू केलंत तुम्ही," ते म्हणाले.

"कसलं काम, सायेब? भित न्हाई, छप्पर न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"दार आहे ना."

ज्या माणसानं माझ्यासाठी बूट काढले, त्यानंच माझ्याविरुद्ध लिहून नेलं. पंधरा दिवसांत नोटीस आली: विनापरवाना बांधकाम काढून टाका, मग अर्जाचा विचार होईल. अर्जाची आधीची पावतीही ऑफिसानं जमा करून घेतली.

वेणूबाई रडकुंडीला आली. म्हणाली, उतरवूया, पोराचं लग्न महत्त्वाचं. बयाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. हळद लागलेली चौकट घर पडल्याशिवाय उतरवत नाहीत, तिनं सांगितलं, आणि माझं घर तर अजून उठलंच नाही. शेवटी शिवतेजनं पत्र लिहिलं की हे बांधकाम नसून पूजा आहे. पूजा हे बांधकाम नाही, एवढं ठरवायला ऑफिसाला चौदा महिने लागले. चौदा! तेवढ्यात वेणूबाईच्या बहिणीला नातू झाला आणि तो चालायलाही लागला.

पुढे निवडणूक आली, सगळं थांबलं. साहेब बदलले, नव्या साहेबांनी नवा नकाशा मागितला. दर खेपेला शिवतेज कंपनीतून रजा काढायचा आणि बयाबाई त्याच्यासोबत जायची. परतली की संध्याकाळी उंबऱ्यावर बसून, तंबाखू मळत, सगळं सांगायची: कोण काय बोललं, कुणी कुणाकडं बोट दाखवलं, कुठल्या बाईनं डबा खाता खाता मान हलवली. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिचं काही कागदावर विसरून राहत नसे.

नंदिनी एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती. परसात येऊन तिनं माझ्यावर हात ठेवला आणि शिवतेजला म्हणाली, "मी थांबेन रे. पण वय थांबत नाही, आणि पप्पाही नाही थांबायचे."

चौथं वर्ष लागलं तेव्हा ऑफिस नव्या इमारतीत गेलं. तिथं खिडकीवर सांगितलं, तुमची फाईल सापडत नाही, नव्यानं अर्ज करा. त्याच आठवड्यात हौसेराव आले. बसले नाहीत. कळंबोलीतलंच एक स्थळ आलं होतं, मुलाचा फ्लॅट होता.

"कोंडिबा, मी शब्द पाळला. चार वर्सं कोन थांबतं? या वैशाखात पोरीचं लगीन लावनार. तुमच्यात, न्हाई तर दुसरीकडं."

ते गेल्यावर कोंडिबा माझ्या खांबाला डोकं टेकून उभा राहिला. पाठीवर पोती घेताना त्याचा श्वास असा चढलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बयाबाई एकटी ऑफिसात गेली. पुढचं मला संध्याकाळी शिवतेजकडून कळलं. तो धावत मागून पोचला होता.

कारकुनानं विचारलं, आजी, अर्जाचा नंबर काय? तिनं सांगितलं, नंबर मला कळत नाही. तो म्हणाला, तारीख तरी? ती म्हणाली, तारीखही नाही. बाजूची माणसं हसली.

मग बयाबाई म्हणाली, "पयला कागद तूच घेतला व्हतास. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. तुझ्या उजव्या बोटाला पट्टी व्हती, म्हनून शिक्का डाव्या हातानं मारलास, तो उलटा पडला. माझ्या नातवानं सांगितलं तर म्हनलास, उलटा असला तरी सरकारचाच हाय."

हसणं थांबलं. कारकुनानं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग त्यानं जुनं रजिस्टर काढलं, तो दिवस उघडला. शिक्का उलटा होता. शेजारी आमचा नंबर होता.

तिथून पुढे बयाबाई सांगत गेली आणि तो पानं उलटत गेला. कुठल्या सणाला कागद कुठल्या टेबलावर होता, कुठल्या साहेबांनी बदलीच्या आधी कुठल्या कपाटात ठेवला. शेवटी ती म्हणाली, जुन्या ऑफिसात डबा खाणाऱ्या बाईंनी फाईल गटारांच्या कागदांवर ठेवली होती, तिथं बघा. आणि गटारांच्या गठ्ठ्यात ती होती. साडेतीन वर्षांची फाईल, दोरी बांधलेली. साहेबांनी स्वतः उभं राहून चाळली आणि विचारलं, यात राहिलंय काय? कुणालाच सांगता येईना. काहीच राहिलं नव्हतं. फक्त सही.

फाल्गुनात कागद आला. शिवतेजनं माझ्यासमोर वाचून दाखवला. खाली लिहिलं होतं: काम वेळेत पूर्ण करावे, विलंब झाल्यास परवानगी रद्द समजली जाईल. वेणूबाई आधी हसली की आधी रडली, ते मला आजही सांगता येणार नाही.

भिंती उठायला किती दिवस लागले म्हणता? तेरा. तेरा दिवसांत गवंड्यानं खोली उभी केली, पत्रे घातले, मला दाराची फळी बसवली. ज्याला तेरा दिवस लागतात, त्याच्या परवानगीला तीन वर्षं दहा महिने!

वैशाखात हौसेराव स्वतः ट्रक घेऊन आले, वऱ्हाडासकट. नंदिनी नव्या खोलीच्या दाराशी आली. वेणूबाईनं तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलं. नंदिनीनं उजव्या पायानं ते लवंडलं, तांदूळ आत सांडले, आणि आत सांडायला आता खरंच आत होतं. बयाबाईनं दोन्ही हात तिच्या कानांवरून ओवाळून बोटं कडाकडा मोडली.

कोंडिबाच्या घरी जसा कागद आला, तसा तुमच्याही घरी येवो. पण बायांनो, लवकर येवो.