हिरव्या मुठीचा सुरा

मी एक जुना सुरा आहे, मित्रांनो. माझ्याकडून गोडगोड ऐकायची अपेक्षा ठेवू नका. लोहाराने मला लालबुंद तापवून घणाखाली बडव बडव बडवले, तेव्हापासून मला हाणामारीचीच भाषा येते. कोंबड्या विकणाऱ्या मालकाने मला घेतले आणि मी माना कापू लागलो. पंखांची तडफड, उडणारे रक्त, कडकन तुटणारी हाडे, हेच माझे आयुष्य. मालकाच्या बोटांनी माझ्या लाकडी मुठीत प्रत्येकी एकेक खळगा पाडला होता.

दुकानात दोन शेडमधून कोंबड्या येत. पहिल्या शेडमध्ये पक्षी आजारी असो वा नसो, सगळ्यांना पाण्यातून औषध पाजत. त्याने लेचेपेचे जंतू मरत, पण जे मुरलेले गुंड उरत ते पुढे औषधाला भीकच घालत नसत. दुसरी शेड सेंद्रिय. तिथे असले औषध नाही. मालक मोठा काटेकोर. सेंद्रिय कोंबड्यांसाठी त्याने मला वेगळे ठेवले आणि माझी मूठ हिरवी रंगवली. दुसऱ्या कोंबड्यांसाठी लाल मुठीचा माझा भाऊ. कापायचे ओंडकेही दोन. मी असा फुशारलो की भावाकडे ढुंकूनही बघेना.

धुवायची बादली मात्र एकच होती.

"अहो, सगळं वेगळं केलंत, मग बादली का नाही?" मालकीण विचारायची.

"अगं, पाणीच तर आहे!"

त्याच रक्ताळलेल्या पाण्यात आम्हा दोघांना बुचकळत. भावाचे जंतू माझ्या पात्यावर चढले.

एका रविवारी दुकानात झुंबड उडाली. मालक घाईघाईत मला फडक्याने पुसत होता. मी सटकलो आणि त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात हाडापर्यंत घुसलो.

"हिरवा सुरा आहे, काही होत नाही," म्हणत त्याने चिंधी बांधली आणि पुढची मान धरली.

मग दुकान बंदच राहिले. एक दिवस मालकिणीने दार उघडले आणि ती दिरासमोर रडू लागली. "भावजी, बोट काळं पडलं. पू थांबेना, ताप उतरेना. औषधं बदलून बदलून डॉक्टर थकले. म्हणाले, बोट ठेवलं तर हात जाईल, हात ठेवला तर माणूस. शेवटी बोट कापलं."

इतक्या माना कापल्या, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या धारेची किळस आली.

मालक परतला. त्याने बादली उचलून भिंतीवर आपटली, फुटेपर्यंत आपटली. आता आम्हा भावांना वेगवेगळ्या उकळत्या पाण्यात धुतात.

मित्रांनो, धडधाकट पक्ष्यांवर औषध उधळू नका, नाहीतर तुमच्यावर वेळ येईल तेव्हा ते हात वर करील. आणि कच्चे मांस कुठलेही असो, सुरा, ओंडका आणि हात स्वच्छ धुवा. मुठीच्या रंगावर विसंबू नका.

मालक आजही मला हातात घेतो. बाकीची बोटे आपापल्या खळग्यात बसतात. एक खळगा रिकामा राहतो. मी पुन्हा सटकू नये म्हणून मालकीण रोज सकाळी तिथे धुतलेली चिंधी घट्ट गुंडाळते.